सदुसष्ट नंबरचा सेल

पाणबुडीच्या बॅटरीच्या दुसऱ्या ग्रुपचा अँमीटर बाकीच्या तिघांपेक्षा कमी करंट दाखवत होता. फार नाही, पण सकाळी वॉचवर आलो तेव्हा फरक नव्हता आणि आता होता. मी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. सहाव्या कंपार्टमेंटमधून सेंट्रल पोस्टला, म्हणजे नियंत्रण कक्षाला, कळवलं, तिथून उत्तर आलं, "नजर ठेव." हे उत्तर मला नोकरीभर मिळालं आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, बंगालच्या उपसागरातली, एप्रिलची. पाणबुडीचं नाव लिहीत नाही. फॉक्सट्रॉट वर्गातली होती एवढं पुरे. रशियन कागदांवर हिचं नाव प्रोजेक्ट ६४१. आपल्याकडे अशा आठ आल्या. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ला रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, म्हणून ८ डिसेंबर हा आमचा पाणबुडी दिन. शेवटची १९७४मध्ये आली. दुसरीचं नाव होतं 'खांदेरी', अलिबागजवळच्या शिवाजी महाराजांच्या जलदुर्गावरून ठेवलेलं. आम्हा कोकणातल्या पोरांना त्याचं फार अप्रूप होतं.

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' आता संग्रहालय म्हणून उभी आहे. एकदा नातेवाइकांना घेऊन गेलो होतो. लोक पुढच्या टॉर्पेडो रूममधून शिरतात, नळ्यांसमोर फोटो काढतात आणि सातही कंपार्टमेंट ओलांडून बाहेर पडतात. पाण्याखाली असताना ही बोट कशावर चालायची, असं विचारणारा एकही माणूस मला तिथे भेटला नाही. खिडकीतून मासे दिसायचे का, असं विचारणारे भेटले. खिडकी नव्हती. उत्तर त्यांच्या पायाखाली होतं. दुसऱ्या आणि चौथ्या कंपार्टमेंटच्या फळ्यांखाली बॅटरीचे खड्डे असतात. एकूण ४४८ सेल, चार ग्रुपमध्ये, प्रत्येक ग्रुपात ११२. एकेक सेल साधारण सहाशे किलोंच्या वरचा. तीन डिझेल इंजिनं आहेत, पण ती हवेवर जगतात. पाण्याखाली तीन मोटरी फिरवायच्या त्या या ४४८ डब्यांवर. पूर्ण वेगाने पळालात तर तासा-दीड तासात सगळं संपलं. दोन नॉट्सने रांगलात तर काही दिवस निघतात. कप्तानाचं सगळं डोकं या दोन टोकांच्या मधे चालतं.

ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबाच्या पेचप्रसंगात रशियाने चार फॉक्सट्रॉट तिकडे पाठवल्या होत्या. त्यातल्या बी-५९वर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता आणि वरून अमेरिकन जहाजं सरावाचे डेप्थ चार्ज टाकत होती. तो डागू न देणाऱ्या अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण २७ ऑक्टोबरच्या रात्री ती बोट वर आली, कारण बॅटरी संपत आली होती. हे वाक्य लेखांमध्ये ओझरतं येतं. आम्ही इलेक्ट्रिकलवाले तिथेच थांबतो. आतली माणसं उष्म्याने कोसळत होती, हेही आम्हाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ही बोट थंड समुद्रासाठी बांधलेली. तीस अंशांच्या पाण्यात ती चालवणाऱ्याचं काय होईल, याचा विचार लेनिनग्राडला कोणी केला असेल असं वाटत नाही. एरवी त्या लोकांच्या कामाला मी हात जोडतो. प्रत्येक बोल्टपर्यंत पाना पोचायचा, आणि बिघडलेली वस्तू हातोडी-छिन्नीने दुरुस्त होईल अशीच बनवलेली असायची.

तर अँमीटर. अर्ध्या तासात फरक वाढला. आम्ही सरावात होतो. वर जहाजं आमचा माग काढत होती आणि आम्ही सायलेंट रूटीनमध्ये रांगत होतो. पंखे बंद, स्वयंपाक बंद, बिनकामाच्या माणसांनी बंकवर पडून राहायचं. मी पुन्हा कळवलं. या वेळी चीफ स्वतः आले. आमचे चीफ म्हणजे इलेक्ट्रिकल आर्टिफिसर (विजेच्या कामाचे तंत्रज्ञ), मराठवाड्यातले, बोलणं कमी. त्यांनी चारही काटे पाहिले आणि एवढंच म्हणाले, "चल, डांगरी बदल."

बॅटरी पिटमध्ये उतरण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढायचा. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, खिशातली चिल्लर. माझ्या कमरेला आईने बांधलेला चांदीचा करगोटा होता. तो दर वेळी काढून चीफच्या हाती द्यायचो आणि ते न हसता खिशात ठेवायचे. हत्यारांना इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. आत किती नेली, बाहेर किती आली, याची मोजणी. दोन सेलांच्या टोकांवर एक पाना आडवा पडला तर तो वितळतो, ठिणगी उडते, आणि हायड्रोजन चार टक्क्यांवर गेलेला असेल तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. त्याआधी चीफने मीटर लावून हायड्रोजन पाहिला. पिटचा पंखा तेवढा चालू करून घेतला. त्या आवाजावरून कप्तानाशी थोडी बोलाबोली झाली.

पिटचं झाकण दुसऱ्या कंपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये, ऑफिसरांच्या केबिनींसमोर. ते उघडलं की पुढे-मागे जाण्याचा रस्ता बंद. टॉर्पेडोवाले पुढे अडकले, त्यांचं जेवण मागे अडकलं. एक तरुण लेफ्टनंट चहाचा मग घेऊन केबिनच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "कितना टाइम लगेगा?" चीफने वर पाहिलंसुद्धा नाही.

आत बसता येत नाही. सेलांच्या माथ्यांवर पोटावर पडून, कोपरांनी सरकत जायचं. डोक्याच्या वर हातभरही जागा नाही. आम्लाची वाफ घशात बसते आणि डांगरीला भोकं पडतात. आमच्या सगळ्यांच्या डांगऱ्या कोपरांपाशी जाळीदार होत्या. बल्कहेडला, म्हणजे दोन कंपार्टमेंटमधल्या पोलादी भिंतीला, टेकलेल्या डाव्या कोपऱ्यातल्या सेलांपर्यंत पोचायला एक खांदा आधी घालावा लागतो, आणि परत येताना वळता येत नाही, उलटं सरकावं लागतं. सडक्या अंड्यासारखा वास त्या कोपऱ्यातूनच येत होता. शिसं-आम्लाचा सेल आतून शिजायला लागला की हा वास येतो.

ग्रुपवर लोड ठेवूनच चीफने मला मोजायला लावलं. पासष्ट ठीक. सहासष्ट ठीक. सदुसष्टवर प्रोब ठेवले आणि काटा शून्याच्या पलीकडे, उलट्या बाजूला आपटला. सेल उलटला होता. एकशे अकरा जण एका दिशेने गाडा ढकलताहेत आणि एक जण पाय रोवून त्यांच्याविरुद्ध ढकलतोय, तसा. बाकीच्यांची ताकद त्याच्यात जिरत होती आणि त्याची उष्णता होत होती. झाकणाला हात लावला आणि चटका बसला.

इथून पुढचं काम माझ्या आवडीचं. ग्रुपचा ब्रेकर उघडला, म्हणजे बोटीची एक चतुर्थांश बॅटरी गेली. कप्तानाने ते मान्य केलं. इलेक्ट्रिकल ऑफिसरांचं म्हणणं होतं की रात्री स्नॉर्टवर, म्हणजे हवेची नळी वर काढून डिझेल चालवायला, जाईपर्यंत थांबू. चीफ म्हणाले, "सर, रात तक ये रुकेगा नहीं." मग सदुसष्टच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्या सोडवायच्या. बोल्टांवर व्हॅसलिन थापलेलं, तरी त्याखाली हिरवट सल्फेट धरलेलं. डाव्या हाताने पट्टी धरून ठेवायची, उजव्याने पाना थोडाथोडा फिरवायचा, घाम डोळ्यांत येतो तो पुसायचा नाही कारण हाताला आम्ल आहे. सेल जागेवरच राहतो, तो बंदरात क्रेनशिवाय हलत नाही. त्याला फक्त वाळीत टाकायचं. सहासष्ट ते अडुसष्ट असा जंपर बसवला, बोल्ट आवळले, हत्यारं मोजली. ग्रुप १११ सेलांवर परत जोडला. बाहेर आलो तेव्हा ते लेफ्टनंट तिथेच होते, चहा गार झालेला. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला, हे नोंदवायला हवं.

संध्याकाळी कप्तानाने ताफ्यातल्या सगळ्यात मोठ्या जहाजाला गाठलं आणि हल्ल्याची खूण म्हणून हिरवा फ्लेअर वर सोडला. शाबासकीचा संदेश आला. त्यात बॅटरीचा उल्लेख नव्हता, असायचं कारणही नाही.

खरी भानगड बंदरात सुरू झाली. सेल अचानक उलटत नाही, आधी लक्षणं दिसतात. आम्लाची घनता उतरते, तापमान शेजाऱ्यांपेक्षा चढतं, पाणी जास्त लागतं. ती दिसावीत म्हणून तर बॅटरी लॉग. चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्यांनी लॉग उघडला, आणि सदुसष्ट नंबर कधीच आजारी नव्हता. आठवड्यांमागून आठवडे आकडे शेजाऱ्यांबरोबर चढत होते, शेजाऱ्यांबरोबर उतरत होते.

लॉग ठेवायचे मास्टरजी. बिहारचे, मोत्यासारखं अक्षर, म्हणून सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. रीडिंग घेताना एकच माणूस आत मावतो. तो हायड्रोमीटरने घनता बघून आकडा ओरडतो, दुसरा झाकणाशी बसून चायनाग्राफ पेन्सिलने बोर्डावर लिहितो. मग बोर्डावरून लॉगमध्ये उतरवायचं आणि बोर्ड पुसायचा. आत मास्टरजी, बाहेर बहुतेक वेळा मी.

चौकशीत मला विचारलं, "आवाज येत होता?"

"येत होता, सर."

"कोपऱ्यातून येत होता?"

लोखंडी खड्डा, वर पंखा. आवाज सगळीकडून सारखा येतो. मी तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी मास्टरजींना वाचवतोय असं त्यांना वाटलं असावं.

त्यांची शंका अशी होती की कोपऱ्यातल्या पाच-सहा सेलांपर्यंत कोणी जातच नव्हतं, अलीकडच्याचे आकडे बघून पुढचे मोठ्याने म्हटले जात होते. त्या सेलांच्या ओळी लॉगमध्ये फारच एकजुटीने हलतात, हे खरं. मास्टरजींचं म्हणणं, कोपरा एक, हवा एक, उष्णता एक, ते एकत्रच हलणार. हेही खरं. बॅटरी शॉपमध्ये सेल कापला तेव्हा तळाशी गाळ साचून प्लेटा टेकलेल्या सापडल्या. हा शॉर्ट महिनाभर हळूहळू झाला की एका दुपारी गाळाचं ढेकूळ सरकून झाला, असं विचारल्यावर शॉपचे फोरमन म्हणाले, "दोन्ही होतं." एवढं प्रामाणिक उत्तर त्या अख्ख्या चौकशीत दुसऱ्या कोणी दिलं नाही. बॅटरी तिच्या ठरलेल्या आयुष्यापलीकडे चालवली जात होती आणि नव्या संचाची मागणी वरच्या कचेरीत पडून होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ते कागद मात्र टेबलावर आले नाहीत. शेवटी शेरा बसला 'फेअर वेअर अँड टेअर'. फौजेत ज्याची जबाबदारी कोणावर टाकायची नसते त्याला हे चार शब्द. मास्टरजींवर ठपका नाही. पण पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे बदल्यांमध्ये, ते किनाऱ्यावर स्टोअर्समध्ये गेले आणि पुन्हा पाणबुडीवर आले नाहीत. आता ते हयात नाहीत.

नवी बॅटरी आली तेव्हा मी एक प्रयोग केला. झाकणाशी एका नव्या पोराला बसवलं, त्याला काही न सांगता काही आकडे कोपऱ्यातून ओरडलो, काही अलीकडूनच. बाहेर येऊन विचारलं, कुठले आकडे कुठून आले? तो गोंधळला. म्हणाला, सगळे सारखेच ऐकू आले. म्हणजे चौकशीत मी जे सांगितलं ते बरोबर होतं. मास्टरजींबद्दल मात्र त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

चीफ विशाखापट्टणमलाच स्थायिक झाले. दर ८ डिसेंबरला मी फोन करतो. तब्येत, मुलं, पेन्शन झाली की गाडी सदुसष्ट नंबरवर येते. चीफना अजूनही वाटतं की आकडे रचलेले होते. मला तसं वाटत नाही, आणि गेल्या वर्षी मला एक मुद्दा सापडला. जंपर लावल्यावर मी त्या कोपऱ्यातल्या शेजारच्या सेलांची झाकणं उघडून पाहिली होती. पाण्याची पातळी सगळ्यांत बरोबर होती, प्लेटा नीट बुडालेल्या. डिस्टिल्ड वॉटर घालायचं कामही मास्टरजींचंच. म्हणजे माणूस कोपऱ्यात जात होता.

चीफ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, पाणी कधीतरी घालायचं असतं. रीडिंग रोज."