विणकरांकडची ठेव

आज मुलीला घेऊन नाशिकची पांडवलेणी, म्हणजे डोंगरातली जुनी बौद्ध लेणी, चढले. दहाव्या लेण्यात आम्ही बराच वेळ रेंगाळलो. क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचा लेख तिथे आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या, म्हणजे आपल्याच परिसरातल्या, विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) कायमची ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा १ व्याजाने. १,००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४०, त्यातून २० भिक्षूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. लेकीने हिशेब तिथेच करून पाहिला, बरोबर आला!

इतका पैसा विणकरांकडे विश्वासाने ठेवावा, असं हे गाव होतं. सोपारा-कल्याण बंदरांतला माल थळ घाट चढून इथे यायचा आणि पुढे पैठण, तेरकडे जायचा. घाटमाथा ज्याच्या हाती, त्याच्याकडे जकात. म्हणूनच क्षत्रप आणि सातवाहन या सीमेसाठी इतके झुंजले. सातवाहन राजा गौतमीपुत्र जिंकला. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला! तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री त्याला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निःशेष करणारा म्हणते. आईने लेकाबद्दल कोरून घेतलेला हा लेख मला सगळ्यात जवळचा.

नाशिककरांनो, फक्त पावसाळ्यातल्या फोटोंसाठी जाऊ नका. भिंती वाचायला जा. सतराव्या लेण्याचा दाता तर उत्तरेकडून आलेला यवन, म्हणजे ग्रीक, आहे, इंद्राग्निदत्त नावाचा.