बार्बोझाबद्दल सांगायचं राहिलं

१६ जुलै, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारी पोराच्या, म्हणजे आमच्या संघाच्या गोलकीपरच्या, घरी जाऊन आलो. मे महिन्यातल्या त्या फुटबॉल सामन्यानंतर तो मैदानाकडे फिरकलेलाच नाही. शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्या पोस्टमधून, म्हणजे त्याच्या जवळच्या खांबाच्या आतून, गोल बसला, आम्ही हरलो, आणि तेव्हापासून पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी तेवढा एकच बॉल. पोराचं वय सतरा.

“बोलतच न्हाई कुणाशी. तुम्हीच बघा की,” त्याची आई म्हणाली.

अर्धा तास बसलो, चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो. खिडकीजवळ खिळ्याला त्याचे ग्लोव्हज टांगलेले होते. मेमधली माती बोटांच्या फटींत अजून तशीच वाळून बसलेली. मनात सारखा ब्राझीलचा जुना गोलकीपर मोआसीर बार्बोझा येत होता, पण जीभ रेटेना. ती गोष्ट सांगून पोराला धीर येईल की तो आणखी खचेल, हेच कळेना. तसाच उठून आलो.

आजची तारीखही तीच. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, तिकीट काढून आलेले पावणेदोन लाखांच्या घरातले लोक. ब्राझीलला वर्ल्डकपसाठी उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरेशी होती. आधी स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं तुडवलेलं. ४७व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला. ६६व्या मिनिटाला उजवीकडून उरुग्वेचा घिज्जा सुटला, त्याने आत बॉल दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला घिज्जा पुन्हा तसाच सुटला, ब्राझीलचा बचावपटू बिगोडेला मागे टाकून. बार्बोझाने क्रॉस धरायला पाऊल पुढे टाकलं. घिज्जाने क्रॉस दिलाच नाही, पोस्ट आणि कीपर यांच्यामधल्या फटीत मारला. गोल झाला, ब्राझील हरलं.

ती धूसर फिल्म मी शंभरदा तरी पाहिली असेल. बार्बोझा झेपावतो, पडतो आणि मग जमिनीवरून फार सावकाश उठतो. त्याला वाटलं होतं, आपला हात लागून बॉल बाहेर गेला.

मी स्वतः पंधरा वर्षं गोलात उभा राहिलोय. छातीवर हात ठेवून सांगतो, मीही तेच पाऊल टाकलं असतं. तेरा मिनिटांपूर्वी त्याच माणसाने त्याच जागेवरून क्रॉस दिला होता आणि गोल झाला होता. दुसऱ्यांदा कुठला कीपर क्रॉसची वाट बघणार नाही?

दोष आला तो बार्बोझा, बिगोडे आणि दुसरा बचावपटू जुवेनाल या तिघांवर. तिघेही काळे. त्यानंतर वर्ल्डकपमध्ये ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा काळा कीपर दिसला तो थेट २००६ मध्ये, दिदा. संघाचे पांढरे शर्टही गेले, स्पर्धा लावून नवा रंग निवडला. पोराच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर जी पिवळी जर्सी रंगवली आहे, ती त्या हरण्यातून आली. आज तिच्यासमोर छत्री धरून जरा वेळ उभा होतो.

सत्तरच्या सुमाराला दुकानात एका बाईने लेकाला बोट करून दाखवलं, बघ, सगळ्या ब्राझीलला रडवणारा तो हा. १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाला भेटायला सरावाच्या जागी गेला, तर अपशकुन होईल म्हणून त्याला आत घेतलं नाही. म्हातारपणी तो म्हणायचा, ब्राझीलमध्ये मोठ्यात मोठी शिक्षा ३० वर्षांची. मी पन्नास वर्षं भोगतोय. एप्रिल २००० मध्ये तो गेला.

हे वाचलं की दर वेळी पोटात कालवतं. पण आज घरी येताना लक्षात आलं, मीसुद्धा त्याची गोष्ट त्या ७९व्या मिनिटापासूनच सुरू करतो. बार्बोझा १९४५ मध्ये रिओच्या वास्को द गामा क्लबकडे आला. त्या संघाला लोक ‘विजयाची एक्स्प्रेस’ म्हणत. १९४५, ४७ आणि ४९ मध्ये रिओचं विजेतेपद, तिन्ही वेळा एकही सामना न हरता. १९४८ मध्ये सँटियागोला दक्षिण अमेरिकेतल्या चॅम्पियन क्लबांची स्पर्धा जिंकली. १९४९ मध्ये देशाकडून कोपा अमेरिका, शेवटच्या सामन्यात पॅराग्वेला ७-०. हात उघडे ठेवून खेळायचा, ग्लोव्हज नाहीत. आणि १९५० च्या त्या जुलैनंतरही गडी थांबला नाही, त्याच मोसमात वास्कोबरोबर पुन्हा रिओचं विजेतेपद जिंकलं. १९५३ मध्ये पाय मोडला, तरी परत उभा राहिला. खेळ सोडला तो १९६२ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी. माराकानानंतर बारा वर्षं तो गोलात उभा होता, हे मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं.

पाऊस अजून थांबलेला नाही. उद्या संध्याकाळी परत जाईन. १९४५ पासून सुरुवात करीन. आणि ते ग्लोव्हज मागून घेईन. गरम पाण्यात नको, साध्या पाण्यात हळू चोळून धुवायचे, सावलीत वाळवायचे. पोराला ते माहीत नसेल.