लंडनचा आंबटपणा, बेळगावच्या कढईत

मीठ-व्हिनेगरचा वेफर तोंडात टाकला की चव आधी नाकात चढते, मग गाल आत ओढले जातात. आपला आंबटपणा चिंचेचा, आमसुलाचा, लिंबाचा. तो जिभेवर बसतो. हा वाफेसारखा वर जातो आणि कधी न पाहिलेलं लंडन आठवू लागतं: कागदात गुंडाळलेला गरम तळलेला मासा, बटाट्याचे जाड तुकडे, वर शिंपडलेलं बार्लीचं व्हिनेगर. न पाहिलेलं शहर आठवावं, एवढी ताकद या एका वासात आहे. म्हणूनच तो घरी नीट साधला पाहिजे.

बाटलीतलं व्हिनेगर वेफर्सवर शिंपडू नका. त्यात चार टक्के आम्ल आणि बाकी जवळजवळ सगळं पाणीच. वेफरमध्ये पाणी दोन टक्क्यांच्या आसपास उरतं, तेव्हा तो कुरकुरतो; चार थेंबांत कातडं होतो. नुसतं लिंबूसत्त्व लावलं तर आंबट होतो, पण लंडनचा वास येत नाही. आंबटपणा कोरडा हवा आणि तोंडात गेल्यावर ओला व्हायला हवा.

त्यासाठी स्टीलच्या पातेल्यात 200 मिलि पांढरं व्हिनेगर घ्या. पितळ, अॅल्युमिनियम नको, आम्ल भांड्याला खातं. चिमूट चिमूट करत 10 ते 11 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. फसफस जवळजवळ थांबली की बस. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि पुढचं लिंबूसत्त्वही मारलं जातं. मंद आचेवर आटवा. पाक गार होऊनही पातळच राहिला तर घाबरू नका. कोरडा कण पडला की तो क्षणात गोठतो. गोठलेला गोळा मंद आचेवर परता, पाणी सुटेल, ते उडून पांढरी पूड उरेल, साधारण 11 ग्रॅम. हे सोडियम अॅसिटेट. लिंबूसत्त्वाबरोबर ते लाळेत विरघळलं की व्हिनेगरचं आम्ल तिथेच, तोंडात मोकळं होतं.

बटाट्याकडे मात्र मसाल्यापेक्षा जास्त लक्ष द्या. बाजारात बटाटा म्हणा नाहीतर आलूगड्डे, पहिला प्रश्न हाच विचारा, शीतगृहातला आहे का? दोन-चार अंशांत ठेवलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते आणि काप आतून शिजायच्या आधी तांबूस, कडवट होतात. तसलाच मिळाला तर दोन-तीन आठवडे घरच्या हवेत, अंधारात ठेवा. आणखी एक चाचणी: 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम मीठ विरघळवून बटाटा सोडा. बुडेल तो पिठूळ, वेफर्सचा. तरंगेल तो भाजीला. हिरवट डाग पडलेला असेल तर टाकूनच द्या.

किसणीवर दीड मिलिमीटरचे काप पाडा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कापडावर पूर्ण कोरडे करा. शेंगदाणा तेल 170 ते 175 अंशांवर, घाण्यात थोडेच काप. बुडबुडे थांबले की काढा. रंगाची वाट पाहिलीत तर उशीर झालाच. किलोभर बटाट्यांचे पाव किलोच्या थोडे वर वेफर्स होतात.

पाव किलोला 3 ग्रॅम मीठ, 2 ग्रॅम ती पूड, 2 ग्रॅम लिंबूसत्त्व, 1 ग्रॅम साखर. सगळं मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक. झाऱ्यातून काढल्यावर मिनिटाभरात भुरभुरा, वरचं तेल ओलसर असतं तोवरच ते चिकटतं.

आपल्याकडे अडचण होते ती पावसाळ्यात. जुलैत बेळगावजवळच्या खानापूर भागातली हवा इतकी ओली की हे मिश्रण डब्यातच गोळा होतं, आणि आम्ल तिथेच सुटून वास उडून जातो. अशा वेळी पूड आणि लिंबूसत्त्व वेगवेगळ्या घट्ट बाटल्यांत ठेवा, वेफर्स बिनमसाल्याचे डब्यात भरा आणि खाताना मसाला लावा. आयत्या वेळी गरम तेलाचा अर्धा चमचा फिरवला तर नीट चिकटतो. 1920 च्या दशकात लंडनच्या स्मिथ्स या वेफर्सच्या कंपनीच्या पाकिटातही मीठ निळ्या कागदाच्या वेगळ्या पुडीत असे. पुडी सोडायची, भुरभुरायची, पाकीट हलवायचं.