किल्ली मिळाली तेव्हा मी बरी नव्हते

लोक धरूनच चालतात की मी आधी बरी झाले आणि मग मला घर मिळालं. माझ्या बाबतीत क्रम उलटा होता.

सोलापूर जिल्ह्यातलं माझं सासर एका दिवसात सुटलं नाही. आवाज ऐकू यायला लागले, देवऋषी झाला, अंगारे झाले, माहेरी धाडणं आणि परत आणणं झालं. मग एका रात्री मी निघाले. पुढचं सगळं सलग आठवत नाही. स्टेशनं आठवतात, पण त्यांची नावं नाहीत. फलाटावर राहणाऱ्या बाईनं रात्री जागायचं आणि दिवसा कुठंतरी डोळा लावायचा, एवढं मात्र पक्कं शिकले. डोकं आधीच बिघडलेलं, त्यात झोप नाही, मग आवाज वाढतील नाहीतर काय! शहरात दर एक लाख वस्तीमागं एक निवारागृह असावं, ते बारा महिने चोवीस तास उघडं असावं असा नियम आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पोलिसांनी उचललं, कोर्टापुढं उभं केलं आणि मनोरुग्णालयात पोचवलं. राज्यात अशी चार प्रादेशिक रुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मी कुठल्या रुग्णालयात होते ते सोडून द्या. तिथल्या गोळ्यांनी मला जागेवर आणलं, हे नाकारणार नाही. पण आवाज बसल्यानंतरही मी तिथंच होते, कारण न्यायला कुणी येईना. "नातेवाईक आले की सोडू," हे उत्तर ठरलेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १९ आहे. घरचे नेत नाहीत, घरच नाही किंवा बाहेर राहायची सोय नाही, एवढ्याच कारणावरून माणसाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं त्यात लिहिलंय. वॉर्डात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे एका संस्थेच्या ताईंनी वाचून दाखवलं, तेव्हा मी त्यांना दोनदा वाचायला लावलं.

चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेनं २०१५ च्या सुमारास 'होम अगेन' नावाचं काम सुरू केलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, रुग्णालयातून बाहेर पडलेल्या चार-पाच जणांनी तिथं मिळून राहायचं आणि मदतीला एक कार्यकर्ती ठेवायची. आमच्या ताईंची संस्था छोटी, पण पद्धत तीच. कोल्हापुरात एका गल्लीत आम्ही चार बायका राहायला गेलो. दारावर पाटी नाही, गणवेश नाही. पहिल्याच दिवशी ताईंनी चौघींना एकेक किल्ली दिली. मी तेव्हा धड वाक्य बोलत नव्हते. अशा बाईच्या हातात घराची किल्ली द्यावी का, असा प्रश्न माझ्या भावालाही पुढं पडला होता.

त्या घरात शिकण्यासारखं फार होतं असं नाही. दिवा मालवून झोपता येतं, याचीच सवय व्हायला वेळ लागला, कारण वॉर्डात रात्रभर दिवे चालू असायचे. भाजी कुठली आणायची यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. ताई मध्ये पडायच्या नाहीत. मला तेव्हा राग यायचा, आता वाटतं तेच त्यांचं खरं काम होतं. सुरुवातीला त्या रात्रीही मुक्कामाला असायच्या, मग फक्त दिवसा, मग आठवड्यातून एखादी चक्कर.

उन्हाळ्याआधी गल्लीच्या टोकाला मिरची कांडप सुरू झालं. तिथं देठं खुडायला बायका लागतात. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी यांची पोती येऊन पडलेली, नाकाला पदर बांधून बसायचं. शिंकून शिंकून जीव जायचा, पण मजुरी रोजच्या रोज हातात. हंगाम संपला, काम थांबलं आणि आवाज परत आले. वॉर्डात परत पाठवतील या भीतीनं मी कुणाला बोलले नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या अक्कांच्या लक्षात आलं. ओपीडीत गोळीचा डोस बदलला. ताई पुन्हा रात्री राहायला लागल्या. माझी खाट, माझी किल्ली, सगळं होतं तिथंच राहिलं. मला विचाराल तर मी बरी व्हायला लागले ती तेव्हापासून.

आता कागदांचं. हा भाग कुणी नीट सांगत नाही. आधारसाठी नवा अर्ज केला तर तो नाकारला गेला, कारण माझ्या बोटांच्या ठशांवर आधीच आधार निघालेलं होतं! जुना नंबर सापडला आणि त्यावर सासरचा पत्ता, नवऱ्याचं नाव. मी कोण हे मी सांगत होते तेव्हा ते तपासायला कुणाला सवड नव्हती, मशीननं सांगितल्यावर पटलं. त्यातूनच भावाचा पत्ता लागला. तो आला, रडला, साडी देऊन गेला. घेऊन जातो म्हणाला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं.

मग दिव्यांगत्वाचा दाखला. मानसिक आजारासाठी डॉक्टर स्वतःची देखभाल, लोकांशी वागणं, समजणं-बोलणं आणि काम यांवर गुण देतात. चाळीस टक्के किंवा त्यापुढं गेलात तर सवलती. दाखला निघाला तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळायची वाट खुली, तेव्हा ते महिना १५०० होते. त्यासाठी राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. फलाटावरच्या वर्षांचा पुरावा कोण देणार? शेवटी शाळेचा दाखला कामी आला. गंमत अशी की दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढं मला किती जमत नाही ते सांगायचं, आणि त्याच आठवड्यात घरमालकापुढं सगळं कसं जमतं ते. दोन्ही खरं होतं, हे दोन्हीकडं पटवणं अवघड.

खोली शोधताना आजारापेक्षा जास्त अडलं ते 'पुरुष माणूस कोण?' या प्रश्नावर. अक्का आणि मी दोघी मिळून राहणार, असं ठरलं होतं. एका ठिकाणी सगळं जमत आलं आणि संस्थेचं नाव ऐकताच फोन उचलणं बंद. शेवटी मिळाली ती कांडपवाल्या वहिनींच्या ओळखीनं, एक खोली आणि मोरी. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार झाला, त्यावर अंगठा आणि फोटो, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती. डिपॉझिट संस्थेनं उसनं दिलं, ते हप्त्यांनी फेडलं. घरमालकिणीनं एकदा गोळ्यांची डबी बघून विचारलं, "बीपीच्या का हो?" मी म्हटलं, "नाही, डोक्याच्या." त्यांनी एवढंच म्हटलं की त्यांच्या नणंदेलाही चालू आहेत. प्रत्येकीनं असं सांगावं असं मी म्हणणार नाही, माझी घरमालकीण चांगली निघाली.

आता हंगामात कांडप आणि एरवी एका मेसला भाकरी करून देते. महिन्याला ओपीडी. ताई फोन करतात, कधी मीच करते.

राहिलंय ते रेशनकार्ड. नव्या कार्डासाठी जुन्यातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो आणि सासरच्या कार्डावर मी अजून असणार, असं भाऊ म्हणतो. म्हणजे मी फलाटावर होते तेव्हाही माझ्या वाट्याचं धान्य घरी येत असणार! आता ई-केवायसी सुरू झाल्यापासून ते बंद झालं असेल तर बरंच. भाऊ तालुक्याला जाऊन चौकशी करतो म्हणालाय. नाही गेला तर मी आणि अक्का जाऊन येऊ, सोलापूरची गाडी सकाळी असते.