तुम्ही विचारलेत म्हणून : स्वतः छापलेल्या पुस्तकावर घर चालते का?

शालेय गणवेशाच्या कटिंगवर मी एक पुस्तक लिहिले आणि ते स्वतःच छापले, हे कळल्यावर लोक मला बहुतेक एकच प्रश्न विचारतात. काही जण "प्रतिसाद कसा आहे?" असे आडून विचारतात, काही जण "ताई, यावर घर चालतं का?" असे सरळच. गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका महाविद्यालयात बोलायला गेले होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने तोच प्रश्न उभे राहून विचारला. तिचे आजोबा जकार्ड मागावर विणल्या जाणाऱ्या चादरींच्या नक्ष्या आलेखकागदावर काढत असत. ते कागद घरात जपून ठेवलेले आहेत आणि त्यांचे पुस्तक करावे असे तिच्या मनात आहे. वेळ संपत आला होता, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते, ही रुखरुख राहिली. म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझे घर चालते, पण पुस्तकाच्या विक्रीवर नव्हे. दरमहा हाती येणाऱ्या रकमेत पुस्तकाचा वाटा जेमतेम दहावा आहे. तरीही ते पुस्तक नसते, तर उरलेले नऊ हिस्सेही आले नसते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या सोलापूर शहराची ओळख चादरीची आणि टॉवेलची असली, तरी शालेय गणवेश शिवणारे कारखानेही इथे मोठ्या संख्येने आहेत. पूर्व भागातल्या अनेक घरांत बायका पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या. त्यांच्या मुली आणि सुना आता शिलाईकडे वळत आहेत, कारण तंबाखूच्या धुळीपेक्षा मशीन बरे, असे त्यांना वाटते आणि त्यात काही चूक नाही. अशोक चौकाच्या बाजूला मी अकरा वर्षे कटिंगचे वर्ग घेत होते. बहुतेकींना शिलाई सरळ मारता येई, पण कापडाला कात्री लावायची वेळ आली की हात थांबत असे, कारण कटिंग हे कारखान्यातल्या कटिंग मास्तरांचे काम आणि मास्तर आपली मापे सहसा कुणाला देत नाहीत. मी माझ्या वहीतली मापे झेरॉक्स काढून देत असे. त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स होई, आकडे फिके पडत, आणि फिक्या आकड्यावर कापलेले कापड वाया जाई. पुस्तक करण्याचे कारण इतकेच होते.

एका प्रकाशकांनी या विषयाला वाचक नाही असे सांगितले. दुसऱ्यांनी छापायची तयारी दाखवली, पण खर्च माझा, हक्क त्यांचे आणि मला पन्नास प्रती, असा तो व्यवहार होता. खर्च मीच करायचा असेल तर पुस्तकही माझेच असावे, असे मी ठरवले.

एप्रिल २०२२ मध्ये पहिली आवृत्ती निघाली : ११२ पाने, म्हणजे छपाईचे सोळा पानांचे सात फर्मे, हजार प्रती, किंमत २२० रुपये. एका प्रतीचा छपाई-बांधणीचा खर्च ६२ रुपये आला आणि आकृत्या काढून घेणे व अक्षरजुळणी यांचे २२,००० रुपये वेगळे लागले. या प्रती संपायला दोन वर्षे लागली. दुकानांतून ३४० प्रती गेल्या. दुकानदारांना ४० टक्के सूट द्यावी लागते, म्हणजे माझ्या हाती एका प्रतीमागे १३२ रुपये, तेही तीन-चार महिन्यांनी आणि दोनदा आठवण केल्यावर. ५४० प्रती मी थेट विकल्या, वर्गात, बचत गटांच्या बैठकींत आणि टपालाने. उरलेल्या १२० भेट, नमुना आणि खराब झालेल्या अशा गेल्या. सगळा खर्च आणि पाकिटे-पॅकिंगचे आठेक हजार वजा जाता दोन वर्षांत सुमारे ७१,७०० रुपये उरले. महिन्याला तीन हजारांच्याही आत. पुस्तक पूर्ण विकले गेले, कौतुकही झाले, आणि तरी हिशेब हा एवढाच आहे. कुणी यापेक्षा मोठे आकडे सांगून तुम्हाला पुस्तक छापायला लावत असेल, तर आधी त्याच्याकडे असा लेखी हिशेब मागा.

आता पुढची गोष्ट, जी सांगायला मला अजूनही जड जाते.

पुस्तक निघून सव्वा महिना झाला असेल. मे महिन्याचा शेवट, गणवेशाचा ऐन हंगाम. दुपारी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी माझा नंबर छापला होता. पलीकडून एक बाई अगदी शांतपणे म्हणाली, "अक्का, तुमच्या पुस्तकावानीच कापलंय बघा. पण पोराचा हात बाहीत जाईना झालाय." मी विचारले, कोणते माप? ती म्हणाली, "अठ्ठावीसचं. तीन डझन कापून बसलेय की."

मी तक्ता उघडला. २८ छातीच्या शर्टाच्या ओळीत मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईच्या, रकान्यात ७ पाहिजे होते, तिथे ६ छापले होते. मुंढा एक इंच वर चढला की बगलेत शर्ट करकचून बसतो, आणि कापलेल्या कापडाला पुन्हा माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, कुठून आणायची? तिचे छत्तीस शर्ट अडकले होते, शाळा उघडायला पंधरवडा राहिला होता आणि ते कापड तिने उधारीवर आणले होते. प्रुफे मीच तपासली होती, रात्री जेवणे झाल्यावर. आकृत्यांकडे बारीक लक्ष दिले होते आणि तक्ते ओळखीचे म्हणून नजरेखालून घातले होते. चूक पूर्णपणे माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तिच्याकडे गेले. ते मुंढे खोल करण्याइतकी जागा पुढच्या-मागच्या भागात होती, पण बाह्या वाया गेल्या होत्या, त्यांना नवे कापड लागणार होते. कापडाचे पैसे मी दिले आणि दोन दिवस तिच्या ओसरीत बसून आम्ही दोघींनी छत्तीस शर्ट पुन्हा कापले. ती एकदाही रागावून बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, "अक्का, आकडे वाचून डोकं फिरतंय. तुम्हीच कागद कापून का देत नाही? त्यो ठेवायचा, खडू फिरवायचा, झालं."

आज माझ्या उत्पन्नाचा एक मोठा भाग ज्या वस्तूतून येतो, तिची कल्पना त्या ओसरीत मिळाली. जाड कागदावर कापलेले, २२ पासून ३६ पर्यंतच्या आठ मापांचे फर्मे, म्हणजे कटिंगचे साचे, प्रत्येकावर कापडाची आडवी-उभी दिशा, दुमड आणि माया दाखवलेली, असा संच मी ६५० रुपयांना देते. तो तयार करायला २१० रुपये लागतात. महिन्याला सरासरी पंचवीस संच जातात. पुस्तक वाचून ज्यांना समजते त्यांना संच लागत नाही, हे मी विकतानाच सांगते. तरी बहुतेक जणी दोन्ही घेतात, कारण पुस्तकात कारण असते आणि फर्म्यात काम.

पण तो दिवस निभावल्यावर खरी अडचण पुढेच होती : ती चुकीची प्रत आणखी कुणाकुणाकडे असेल? इथे माझी एक साधी सवय उपयोगी पडली. थेट विकलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद मी दोनशे पानी वहीत केली होती : नाव, गाव, फोन, घरी शिवतात की कारखान्यात. एका आठवड्यात त्या वेळेपर्यंतच्या सर्वांना फोन केले आणि शुद्धिपत्राची चिठ्ठी टपालाने पाठवली, ओळीच्या आकाराचीच, म्हणजे तक्त्यावर सरळ चिकटवता येईल. दुकानांतून गेलेल्या प्रती मात्र कुणाच्या हाती पडल्या हे मला कधीच कळले नाही. शिल्लक प्रतींत चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या, दुकानदारांकडे चिठ्ठ्यांचे गठ्ठे दिले, पण आधीच विकलेल्या प्रतींचे काय, या विचाराने मला आजही बरे वाटत नाही.

त्या फोनांचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. चूक कळवायला लेखिका स्वतः फोन करते, याचे बायकांना इतके वाटले की कित्येकींनी आपल्या अडचणी सांगायला सुरुवात केली. कुणाला पिनाफोरच्या, म्हणजे बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या, कळ्या जमत नव्हत्या, कुणाला ५८ इंच रुंदीच्या पन्ह्यात हाफपँट कशा बसवायच्या हे समजत नव्हते. त्यांच्यासाठी रविवारची दिवसभराची शिबिरे सुरू झाली. त्यातून एका कारखानदाराने, त्याच्याकडच्या दोन मुली शिबिरातून शिकून आल्यावर, आपल्या सगळ्या कारागिरांना शिकवायला बोलावले, आणि वर्षाला अशी तीन-चार बोलावणी येऊ लागली. नियमित वर्गाच्या बाराबारा जणींच्या दोन तुकड्या आता भरलेल्या असतात. पूर्वी एक तुकडी भरायलाही मारामार होती. शिकवणारी बाई मी तीच आहे, खोलीही तीच. फक्त मी जे शिकवते ते आधी लोकांच्या हातात पडते, त्यांना तपासता येते आणि चुकले तर मला जाब विचारता येतो. माझ्या समजुतीप्रमाणे पुस्तकाची कमाई ही आहे. बाकीचे उत्पन्न या विश्वासातून येते, आणि म्हणून ती वही मी पुस्तकापेक्षा जास्त जपते.

एकदा मात्र मी हिशेब चुकले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांचे गणवेश शिवण्याचे काम राज्यभर महिला बचत गटांकडे आले. पुस्तकाला एकदम मागणी आली. एकेक गट दहा-दहा प्रती नेऊ लागला. त्या भरात मी दुसरी आवृत्ती दीड हजारांची काढली. पुढच्या वर्षासाठी धोरण बदलले, काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले, आणि माझ्या घरात सहाशे प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली राहिले. पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्यांना ओल लागली. एका योजनेच्या जोरावर आलेली मागणी आपली समजू नये, हे मी त्या ओलीच्या वासासकट शिकले.

कागदपत्रांची लोकांना विनाकारण धास्ती असते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतः छापणाऱ्या लेखकालाही मिळतो; त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. लेखनाचा हक्क लिहिताक्षणीच तुमचा असतो, तो नोंदवलाच पाहिजे असे नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. १९५४ च्या कायद्यानुसार एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांत एकेक प्रत पाठवायची असते. ते जरूर करा, आपले काम कुठेतरी टिकून राहते. टपालखात्याने १ मे २०२५ पासून ज्ञानपोस्ट सुरू केले आहे, त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपये अधिक करात जाते आणि कुठे पोहोचले ते पाहता येते. त्या सेवेत जाहिराती असलेले पुस्तक चालत नाही, म्हणून फर्म्यांच्या संचाची जाहिरात मी नव्या आवृत्तीतून काढून टाकली आहे.

आणि बांधणी. पहिल्या आवृत्तीची पाने डिंकाने चिकटवलेली होती, कारण प्रतीमागे काही रुपये वाचत होते. पण कटिंग करणारी बाई पुस्तक टेबलावर उघडे ठेवते, त्यावर कात्री ठेवते आणि दोन्ही हातांनी कापड सरळ करते. दोन महिन्यांत मधली पाने सुटून आली. दुसरी आवृत्ती मी दोऱ्याने शिवून घेतली. पुस्तक कुणाच्या हातात, कुठे आणि कसे उघडले जाणार आहे हे आधी पाहावे, मगच छापखान्यात जावे.

त्या मुलीला मी हे सांगेन : आजोबांच्या नक्ष्यांचे पुस्तक जरूर कर, पण पहिल्यांदा डिजिटल छपाईने दोनशेच प्रती काढ. प्रत महाग पडेल, पण घरात गठ्ठे राहणार नाहीत आणि चूक निघाली तर दुरुस्त करता येईल. त्या नक्ष्या कुणाला लागतील याचा विचार कर : शिकणारे विद्यार्थी, टॉवेल-चादरींचे नवे डिझाइन करणारे, भरतकाम करणाऱ्या बायका. कदाचित एखादी नक्षी मोठ्या कागदावर स्वतंत्र छापलेली हवी असेल, कदाचित कुणाला आलेखावरून ती मागावर कशी उतरते हे बसून शिकायचे असेल. ते तुला आज ठरवता येणार नाही. पहिल्या शंभर ग्राहकांची नावे लिहून ठेव, तेच सांगतील. तोवर हातातले काम सोडू नकोस. मीही पुस्तक निघाल्यावर दोन वर्षे दिवसा कारखान्यात तपासणीचे काम करत होते आणि वर्ग संध्याकाळी घेत होते.

माझ्या तिसऱ्या आवृत्तीची प्रुफे सध्या टेबलावर आहेत. या वेळी प्रत्येक तक्त्यातले प्रत्येक माप मांजरपाटावर कापून, शिवून, त्या मापाच्या मुलाला घालून पाहायचे आणि मगच त्या ओळीवर खूण करायची, असे ठरवले आहे. बावीस, चोवीस आणि सव्वीस झाले. या गतीने पुस्तक जूनच्या आत निघत नाही, म्हणजे हा हंगाम हातचा जाणार, आणि घरातल्यांना ते फारसे पटलेले नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या ४१ कोरड्या प्रती शिल्लक आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी त्या घ्याव्यात. अठ्ठावीसचा शर्ट उद्या कापायचा आहे.