फक्त गाणी वाजवणारा डबा

रविवार, रात्री उशिरा

आज अख्खा दिवस जुना म्युझिक प्लेअर उघडण्यात गेला. कित्येक वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता, बॅटरी फुगून झाकण एका कोपऱ्यातून वर आलेलं. फुगलेल्या बॅटरीला धातूचं काही लावायचं नाही एवढं माहीत होतं म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू क्लिपा सोडवल्या आणि शेवटी घाई नडलीच, हेडफोन जॅककडे जाणारी कागदासारखी पातळ रिबन टर्रकन फाटली. चूक माझीच. नशीब, सुटा पार्ट आधीच मागवून ठेवला होता (स्वतःच्या हातांची खात्री असली की माणूस अशी सोय करतो).

हे सगळं कशासाठी, तर फोनवर धड गाणं ऐकता येत नाही म्हणून. आलाप रंगात आला की टिंग. बघायला जातो आणि वीस मिनिटांनी भानावर येतो, गाणं केव्हाच संपलेलं. शिवाय गाण्यांच्या ॲपचं सबस्क्रिप्शन मध्ये संपलं तर डाउनलोड केलेली गाणीसुद्धा कुलूपबंद! म्हणजे माझी कधी नव्हतीच ती.

२०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉड बनवणं बंद केलं तेव्हा मीही म्हटलं होतं, संपला हा प्रकार. २००१ मध्ये पहिला आला तेव्हा ५ जीबीत हजार गाणी म्हणजे केवढं वाटायचं, आता फोनच्या एका अपडेटला तेवढी जागा लागते. पण प्लेअर काही संपले नाहीत. फिओ, ॲस्टेल अँड कर्न वगैरे कंपन्या अजून काढतायत, हाय-रेस (सीडीपेक्षा जास्त तपशिलाचा आवाज), भारीतला डॅक (डिजिटल फाइलचं आवाजात रूपांतर करणारी चिप), सगळं. खरं सांगू, मला त्यातला निम्मा फरक कानाला कळत नाही. आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच प्लेअरमध्ये अँड्रॉइड, सोनीच्या वॉकमनमध्येसुद्धा! म्हणजे वाय-फाय, ॲप, नोटिफिकेशन, परत तीच टिंग. मग फोन काय वाईट होता?

१९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनचे दोन जॅक होते आणि एक केशरी बटण, ते दाबलं की गाणं हळू होऊन बाजूच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्याने कानात घालून बसणं बरं दिसणार नाही अशी धास्ती होती सोनीवाल्यांना. आता नेमकं उलटं बटण पाहिजे, जग बंद करणारं. प्लेअर पुढे टिकला तर माझ्या मते याच कारणासाठी टिकेल, आवाजाच्या क्वालिटीसाठी नाही.

असो. नवी बॅटरी बसवली, हार्डडिस्क काढून ॲडॉप्टरवर मेमरी कार्ड घातलं, झाकण दाबलं. तीनदा चालू झाला नाही, चौथ्यांदा लाइट लागला. फाइली भरताना कळलं की निम्म्या गाण्यांची नावं 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशीच आहेत, ते काम पुढच्या रविवारी.

मग लाइट घालवून ऐकत पडलो. सवयीने एकदा प्लेअर कानाला लावला. आधी दर थोड्या वेळाने आतली डिस्क घुर्रकन फिरायची, पुढची गाणी उचलून घ्यायची आणि गप्प व्हायची. आता कार्ड आहे, फिरायला काही नाहीच. तरी दोन-तीनदा लावून बघितला.