तुम्ही विचारलंत म्हणून: पॉवर वाढवायची, तर कोणता ट्रेनर घ्यावा?

पुण्यात जून सुरू झाला, की पॉवर, म्हणजे पेडलवर पडणारी वॅटमधली ताकद, वाढवायला कोणता ट्रेनर (सायकल जागेवर उभी करून घरात चालवायचे यंत्र) घ्यावा, हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुधा २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेली असते, सपाटीवर तो चांगला पळतो, सिंहगडाच्या घाटात मात्र त्याच्या पायांतले त्राण जाते, आणि पुढचे चार महिने पावसामुळे घरात सायकल चालवावी लागणार हे त्याला दिसत असते. ट्रेनरचे नाव सांगण्याआधी मी त्याला उलट विचारतो, की सायकल ज्या खोलीत ठेवणार, तिथे पंखा कुठे आहे?

हा प्रश्न आधी विचारण्याला कारण आहे. आपले शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो आणि बाकीची उष्णता होते. म्हणजे तुम्ही पेडलवर २०० वॅट देत असाल, तर त्याच वेळी अंगातून ६०० ते ८०० वॅट उष्णता बाहेर पडायला हवी. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरचा वारा ती वाहून नेतो; बंद खोलीत, तेही पावसाळ्यातल्या दमट हवेत, घाम नुसता निथळतो आणि वाळत नाही. मग हृदयाला स्नायूंबरोबर त्वचेलाही जास्तीचे रक्त पुरवावे लागते, ठोके चढत जातात आणि चौथा इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोर लावून चालवायचा ठरावीक वेळाचा टप्पा) अर्ध्यावर सुटतो. पाय कमी पडले असे आपल्याला वाटते, पण पाय शाबूत असतात, अंग तापलेले असते. जो इंटरव्हल पूर्णच होत नाही, त्यातून पॉवर कशी वाढणार? म्हणून छतावरच्या पंख्यावर न भागवता, छातीवर थेट वारा येईल असा मोठा उभा पंखा ट्रेनरच्याही आधी विकत घ्या. हँडलबारवर जाड पंचा टाकायला विसरू नका, कारण खारट घाम हँडलबार धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टवर आणि हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगमध्ये, उतरतो, आणि एका पावसाळ्यात बोल्ट इतका गंजतो, की ॲलन की त्याच्या खाचेत नुसतीच फिरते.

आता ट्रेनरकडे वळू. माझ्या मते पॉवर वाढवण्यासाठी घ्यायच्या यंत्रात एकच गुण अटळ आहे: आजचे २०० वॅट आणि सहा आठवड्यांनंतरचे २०० वॅट त्याने एकाच मापाने मोजले पाहिजेत. माप थोडे हलके किंवा भारी असले तरी चालते, रोज बदलणारे माप चालत नाही.

व्हील-ऑन ट्रेनरमध्ये नेमकी इथेच अडचण येते. त्यात मागचा टायर एका लहान रोलरवर दाबून धरलेला असतो, आणि साध्या ट्रेनरवर वॅटचा आकडा चाकाच्या वेगावरून काढला जातो. एका पावसाळ्यात मी टायरमधली हवा न तपासता सराव करत राहिलो. कधी हवा जास्त असे, कधी रोलर टायरवर दाबणारी खुंटी कमी आवळलेली असे, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीत चाक अधिक वेगाने फिरे आणि आकडा वर जाई. दोन महिन्यांत पंधरा वॅट वाढले म्हणून मी आनंदात होतो. ऑक्टोबरात सिंहगड चढलो, तेव्हा वेळ जवळपास पहिल्याइतकाच लागला. ते दोन महिने वाया गेल्याचे मला फार वाईट वाटले. तुम्ही व्हील-ऑनच घेणार असाल, तर दर वेळी हवा तेवढीच भरा, रोलर टायरला टेकल्यावर खुंटीचे फेरे मोजून द्या, आणि यंत्रात स्पिन-डाउनची (चाक वेगात आणून मोकळे सोडायचे, त्यावरून यंत्र माप जुळवून घेते) सोय असेल तर टायर गरम झाल्यावर, म्हणजे दहा मिनिटांनी, ते करा.

डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरमध्ये मागचे चाक काढून साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, चढवतात. टायरच नसल्याने तो घसरत नाही, झिजत नाही आणि आवाजही कमी होतो. चांगल्या यंत्रांच्या मापातली चूक एक-दोन टक्क्यांच्या आत असल्याचे उत्पादक सांगतात. पैसे घालायची तयारी असेल, तर हाच घ्या. मात्र आपल्याकडच्या अनेक स्वस्त हायब्रीड सायकलींना कॅसेट नसून आट्यांवर बसणारे सात गिअरचे फ्रीव्हील असते, आणि ते या ट्रेनरवर बसत नाही. स्पेसर (उरलेली फट भरणारी कडी) घालून सात गिअरची कॅसेट बसवता येते, पण ती आणि ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) प्रकार मेकॅनिककडून आधी तपासून घ्या, पैसे नंतर भरा.

तुमच्या सायकलवर आधीपासून पॉवर मीटर, म्हणजे पेडलिंगचे वॅट मोजणारे उपकरण, असेल, तर माझे उत्तर बदलते. मग साधा फ्लुइड ट्रेनर (आतल्या द्रवाच्या रोधावर, विजेशिवाय चालणारा) पुरेसा आहे. माप सायकलवरच असल्याने घरातला आणि घाटातला आकडा एकाच यंत्रातून येतो, आणि पावसात वीज गेली तरी सराव थांबत नाही. फक्त डाव्या पायाचे मोजून दुप्पट करणारा मीटरही तुलनेपुरता चालतो.

ट्रेनरच्या खोक्यावर छापलेले कमाल रोधाचे आकडे, २००० वॅट आणि वीस टक्के चढ, सोडून द्या. ज्याला वीस मिनिटे २०० वॅट टिकवायचे आहेत, त्याला त्यांचा उपयोग नाही. सायकल कशालाही न बांधता ज्यांच्या फिरत्या नळ्यांवर चालवतात, त्या सुट्या रोलरवर तोल आणि पेडलिंगची लय सुधारते, पण पॉवरसाठी मी ते सुचवत नाही. जिममधल्या स्पिन बाइकचे जड चाक पायांना स्वतःबरोबर ओढत नेते, आणि तिच्या पडद्यावरचा आकडा बहुधा अंदाजच असतो.

ईआरजी मोडबद्दल मात्र सावध करतो. त्यात ट्रेनर ठरवलेले वॅट कायम ठेवतो, त्यामुळे कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, घसरला की पेडल जड होते. नव्वदच्या कॅडन्सला २०० वॅटसाठी सुमारे २१ न्यूटन-मीटर टॉर्क (पेडल फिरवायचा जोर) लागतो, साठला तो ३२ होतो, म्हणजे दीडपट. दमलेला माणूस त्यात अडकला, की काही सेकंदांत पाय थांबतात. लांब, एकसमान इंटरव्हलसाठी हा मोड उत्तम आहे, पण छोट्या स्प्रिंटसाठी तो बंद ठेवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल, तर जाड रबरी मॅटही घ्या. खालच्या घरातल्या काकूंना पहाटे पाच वाजता स्लॅबमधून जाणवते ती यंत्राची थरथर.

सगळे जुळले, की पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटांची चाचणी द्या आणि सरासरी वॅटच्या ९५ टक्के हा आपला एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी पॉवर, धरा. वहीत त्या आकड्याशेजारी खोलीचे तापमान, टायरमधली हवा आणि पंखा कितीवर होता तेही लिहा, आणि सहा आठवड्यांनी चाचणी देताना ती वही उघडून सगळे तसेच जुळवून घ्या.